मासिकांतील कविता आणि तिचे विडंबन : केशवसुतांपासून ‘झेंडूच्या फुलां’पर्यंत

१

अर्वाचीन मराठी कवितेचा इतिहास सामान्यतः काव्यसंग्रहांच्या आधारे लिहिला जातो. संग्रह हाती असतो, त्यावर वर्ष छापलेले असते, आणि त्या वर्षांची माळ ओवली की इतिहासाची रूपरेषा तयार झाल्यासारखी वाटते. परंतु विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांपुरती ही पद्धत फसवी ठरते. केशवसुत १९०५ मध्ये निवर्तले. त्यांच्या कवितेचे पुस्तक त्यानंतर बऱ्याच वर्षांनी निघाले. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले. ‘वाग्वैजयंती’ १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘बी’ कवींचे उदाहरण तर याहून बोलके आहे. नारायण मुरलीधर गुप्ते यांची ‘प्रणयपत्रिका’ ही कविता १८९१ मध्ये ‘करमणूक’ पत्रात आली, आणि ‘फुलांची ओंजळ’ हा त्यांचा पहिला संग्रह निघाला तो १९३४ मध्ये. पहिली छापील कविता आणि पहिले पुस्तक यांच्यामध्ये त्रेचाळीस वर्षांचे अंतर आहे.

या अंतराच्या काळात ही कविता वाचकांना ठाऊक नव्हती असे नाही. ती त्यांना चांगली ठाऊक होती, पण पुस्तकामुळे नव्हे. साप्ताहिके आणि मासिके यांच्यामुळे. कवितेचे खरे घर त्या काळी नियतकालिक हेच होते. ज्या घरात कविता राहिली त्याच घरात तिची थट्टा करणारे विनोदी पद्यही जन्मास आले. विडंबनाचा विचार वाङ्मयेतिहासात बहुधा गमतीचा एक परिच्छेद म्हणून उरकला जातो. वस्तुतः तो कवितेच्या वाचनाचा एक महत्त्वाचा पुरावा आहे. कोणती कविता लोकांच्या तोंडी होती, तिच्यातील कोणत्या लकबी वाचकांना जाचू लागल्या होत्या, आणि कवी व संपादक यांच्या परस्परव्यवहाराकडे वाचक कोणत्या नजरेने पाहत होता, या तीन प्रश्नांची उत्तरे टीकालेखांपेक्षा विडंबनात अधिक स्पष्टपणे मिळतात. त्याचबरोबर आणखी एक प्रश्न उद्भवतो. मुंबई-पुण्याच्या मासिकांतून उमटलेल्या या हास्याचा अर्थ सर्व मराठी मुलखात एकच होता काय? तत्कालीन निजाम राज्याच्या हद्दीतील नवीन जालन्यासारख्या पेठेच्या बाजूने पाहिले असता या प्रश्नाला वेगळीच धार येते.

२

प्रथम या नियतकालिकांचे स्वरूप पाहणे इष्ट आहे. ‘विविधज्ञानविस्तार’ हे मासिक १८६७ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि १९३७ पर्यंत चालले. त्याचा पिंड विद्वत्तेचा होता. कविता तेथे पाहुणी म्हणून येई. १८८६ मध्ये कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी थेट कोचीनहून ‘केरळकोकीळ’ काढले. आठल्ये स्वतः पद्यकार होते, आणि त्यांच्या ग्रंथपरीक्षणांतील तिखट उपहासाचा लेखकवर्गाला धाक वाटे. हरि नारायण आपटे यांचे ‘करमणूक’ साप्ताहिक १८९० मध्ये पुण्यास निघाले. बोधाचा उघड आव न आणता घरातील लहानथोरांस वाचता येईल असा मजकूर देणे हा त्याचा बाणा होता, आणि त्या मजकुरात नव्या धर्तीच्या कवितेला मानाचे स्थान मिळाले.

केवळ कवितेला वाहिलेले मासिक मात्र मुंबई-पुण्यास नव्हे, तर खानदेशात निघाले. जळगावच्या नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये ‘काव्यरत्नावली’ सुरू केली आणि १९३५ पर्यंत ती चालविली. केशवसुतांपासून बालकवींपर्यंत पहिल्या पिढीतील बहुतेक सर्व कवींचा या मासिकाशी संबंध आला. १९०७ मध्ये जळगाव येथेच पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे त्याचे अध्यक्ष होते. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या अवघ्या सतरा वर्षांच्या मुलाने तेथे कविता म्हटल्या आणि कीर्तिकरांनी त्यास ‘बालकवी’ ही पदवी दिली. ही घटना पुढील विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण कवी हा आता केवळ लिहिणारा न राहता सभेपुढे उभा राहणारा, पदवी मिळविणारा, नावाने ओळखला जाणारा पुरुष होऊ लागला होता.

या सर्वांहून अधिक खप आणि अधिक वजन होते ते ‘मासिक मनोरंजन’चे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ते १८९५ मध्ये मुंबईत सुरू केले. त्यांचे मूळ आडनाव आजगावकर. बंगाली भाषा आणि वाङ्मय यांच्या प्रेमातून त्यांनी ‘मित्र’ हे नाव स्वीकारले होते. १९०९ मध्ये त्यांनी मराठीतील पहिला दिवाळी अंक काढला. चित्रे, लेखकांची छायाचित्रे, कथा, कविता आणि विनोद एकाच वेष्टनात देण्याची जी रीत पुढे दिवाळी अंकांमुळे रूढ झाली तिचा पाया येथे घातला गेला. कवीचा चेहरा वाचकास दिसू लागला तो याच काळात, आणि त्या चेहऱ्याची थट्टाही फार दूर नव्हती.

३

विडंबन ही गोष्ट मुळात परावलंबी आहे. मूळ कविता वाचकाच्या स्मरणात नसेल तर विडंबन हे नुसते विचित्र पद्य ठरते. म्हणून ज्या समाजात विडंबन बहरते त्या समाजात कवितेचे काही एक समान पाठांतर असावे लागते. मराठी वाचकांत ते दोन मार्गांनी निर्माण झाले होते.

पहिला मार्ग शाळेचा. परशुरामपंत गोडबोले यांनी संपादिलेले ‘नवनीत’ १८५४ मध्ये निघाले, आणि पुढील कित्येक पिढ्यांना मुक्तेश्वर, वामनपंडित, मोरोपंत यांची ओळख या एका पुस्तकाने करून दिली. आर्या, श्लोक, ओवी, अभंग यांच्या चाली मुलांच्या कानांत लहानपणीच बसत. शार्दूलविक्रीडित वृत्ताचे दोन चरण कानी पडताच तिसरा चरण कोठे थांबेल हे शिकलेल्या माणसास न मोजता कळे. विनोदी पद्यकाराच्या हाती हे फार मोठे साधन होते; कारण गंभीर वृत्तात क्षुद्र विषय बसविला की वृत्त स्वतःच हसविण्याचे निम्मे काम करते.

दुसरा मार्ग मासिकाचा. मासिकाचा एक अंक घरातील सर्व माणसे वाचीत, शेजारी मागून नेई, वाचनालयात तो हातोहात फिरे. एकाच महिन्यात एकच कविता अनेक गावी वाचली जाई. पुस्तक ज्याने विकत घेतले त्याचेच असते. मासिकातील कविता मात्र एका अर्थी सर्वांची होई. पुढील महिन्यात कोणी तिचे अनुकरण करी, कोणी तिला पद्यातच उत्तर देई, कोणी तिच्यावर टीका लिही. अशा रीतीने कविता हा एक चालू संवाद बनला होता, आणि विडंबन हा त्या संवादातील थट्टेचा सूर होता.

टोपणनावांची प्रथाही या संवादाला पोषक ठरली. केशवसुत, माधवानुज, गोविंदाग्रज, दत्त, विनायक, बालकवी, बी ही नावे मासिकांच्या पानांवरच प्रसिद्धीस आली. गडकऱ्यांनी तर आपल्या व्यक्तित्वाची चक्क वाटणी केली. नाटके स्वतःच्या नावाने, कविता धाकटा बंधू गोविंद याच्या नात्याने ‘गोविंदाग्रज’ या नावाने, आणि विनोद ‘बाळकराम’ या नावाने. एकाच लेखणीतून उतरलेले गंभीर आणि विनोदी लेखन दोन वेगवेगळ्या नावांनी वाचकांपुढे येई. काव्य आणि काव्याची थट्टा या एकाच रसिकतेच्या दोन बाजू आहेत, याचे याहून चांगले प्रत्यंतर सापडणे कठीण आहे.

४

विनोदाने प्रथम गद्याचा आश्रय घेतला. ठाण्याच्या ‘हिंदु पंच’सारख्या पत्रांनी व्यक्ती आणि राजकारण यांवरील उपहासाची वाट एकोणिसाव्या शतकातच पाडली होती, परंतु वाङ्मयीन विनोदाला प्रतिष्ठा आणली ती श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी. ‘विविधज्ञानविस्तारा’त १९०२ पासून त्यांचे विनोदी लेख येऊ लागले आणि पुढे ते ‘सुदाम्याचे पोहे’ या नावाने ग्रंथरूप झाले. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रयीच्या निमित्ताने त्यांनी सामाजिक रूढींची चेष्टा केली. कोल्हटकर हे वऱ्हाडात वकिली करणारे गृहस्थ. खामगाव आणि जळगाव-जामोद ही त्यांची कर्मभूमी. म्हणजे ‘विविधज्ञानविस्तारा’तून मुंबईहून प्रसृत झालेल्या या विनोदाचा उगम आजच्या बुलढाणा जिल्ह्यात, जालन्याच्या सीमेला लागून असलेल्या मुलखात होता. १९०८ मध्ये न. चिं. केळकर यांनी ‘सुभाषित आणि विनोद’ लिहून विनोदाच्या शास्त्रीय चर्चेचा पाया घातला. विनोद हा आता पंडितांनीही दखल घ्यावी असा विषय झाला होता.

गडकरी हे कोल्हटकरांना गुरुस्थानी मानीत. गुरूचा रोख समाजरूढींवर होता. शिष्याने तो वाङ्मयाकडेही वळविला. बाळकरामाच्या ‘कवींचा कारखाना’ या लेखाच्या नावातच एक टीका आहे. कविता ही अंतःकरणातून स्फुरते असे कवी सांगत होते. बाळकरामाने ती ठराविक मालमसाल्यातून तयार होणारी वस्तू म्हणून पाहिली. दर महिन्याला अंक भरावयाचा असतो, अंकात कवितेसाठी जागा राखलेली असते, ती भरण्यासाठी कविता हवी असते, आणि मागणी तसा पुरवठा होतो. मासिकाच्या या अर्थव्यवहारावर बाळकरामाने नेमके बोट ठेवले. आणि हा बाळकराम म्हणजेच गोविंदाग्रज, हे विसरून चालणार नाही. ‘चिंतातुर जंतू’ या कवितेत गडकऱ्यांनी निरर्थक काळजी वाहणाऱ्या वृत्तीचा पद्यातच समाचार घेतला, तेव्हा कवी आणि विनोदकार यांच्यातील भिंत जवळजवळ नाहीशी झाली.

१९१८ ते १९२० ही वर्षे मराठी नियतकालिक वाङ्मयाला फार कठोर गेली. १९१८ च्या मे महिन्यात बालकवींचा रेल्वेखाली अंत झाला. १९१९ च्या जानेवारीत गडकरी, मार्चमध्ये हरि नारायण आपटे, मे महिन्यात रेव्हरंड टिळक गेले. १९२० मध्ये ‘मनोरंजन’कार मित्र निवर्तले. अवघ्या दोन वर्षांत कवींची एक पिढी आणि तिला आश्रय देणारे दोन थोर संपादक नाहीसे झाले. पुढील पिढीने जे मांडले, आणि त्याचे जे विडंबन झाले, ते या पोकळीच्या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे.

५

ही पोकळी पुण्याच्या रविकिरण मंडळाने भरून काढली. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळात माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, ग. त्र्यं. माडखोलकर आणि द. ल. गोखले ही मंडळी होती. रविवारी एकत्र जमावे, चहापान व्हावे, एकमेकांच्या कविता ऐकाव्यात आणि त्यांची चर्चा करावी, असा त्यांचा क्रम असे. ‘किरण’, ‘उषा’ असे सामुदायिक संग्रह त्यांनी काढले. यशवंत आणि गिरीश यांनी काव्यगायनाची प्रथा लोकप्रिय केली. कविता छापील पानावरून पुन्हा सभेत आली.

या मंडळाचे ऋण मोठे आहे. कवितेचा वाचक त्यांनी वाढविला. तिला मध्यमवर्गीय घरात नित्याचे स्थान मिळवून दिले. परंतु आठ जणांनी एकत्र येऊन, एकमेकांची कविता एकमेकांस ऐकवून, एकाच नावाखाली ती प्रसिद्ध करावी, यात परस्परस्तुतीचा संशय घेण्यास जागा होती. हा संशय ज्याने पद्यरूप केला तो तरुण शिक्षक म्हणजे प्रल्हाद केशव अत्रे. १९२५ मध्ये ‘केशवकुमार’ या नावाने त्यांचा ‘झेंडूची फुले’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. या टोपणनावातच गंमत आहे. केशवसुत हे कृष्णाजी केशव दामले, म्हणजे अक्षरशः केशवाचे सुत. प्रल्हाद केशव अत्रे हेही केशवाचे कुमार. नाव खरे, आणि तरीही ते विडंबन.

संग्रहातील ‘आम्ही कोण?’ या कवितेवर थोडे थांबणे अवश्य आहे. कारण मासिक आणि कविता यांच्या संबंधाचे इतके मार्मिक भाष्य दुसरीकडे क्वचितच आढळते. केशवसुतांची याच नावाची कविता चौदा ओळींची असून शार्दूलविक्रीडितात आहे. कवी म्हणजे कोण, या प्रश्नाला तिच्यात अभिमानाचे उत्तर दिलेले आहे. कवी हा देवाचा लाडका. त्याच्या स्पर्शाने साध्या वस्तूला मोल येते. त्याला वगळले तर आकाशातील तारांगणेही निस्तेज होतील आणि जगणे कवडीमोल ठरेल, असा तिचा शेवट आहे. हा उद्गार ज्या काळी निघाला त्या काळी तो धाडसाचा होता. कवीला समाजात कसलेही स्थान नसताना केलेला तो हक्काचा उच्चार होता.

अत्र्यांनी प्रश्न तोच ठेवला, वृत्त तेच ठेवले, आत्मगौरवाचा सूर तोच ठेवला. बदलला तो केवळ आशय. त्यांचा कवी आपली ओळख पटविण्यासाठी काव्याचा दाखला देत नाही. मासिकांतून छापलेल्या आपल्या छायाचित्राचा देतो. दुसऱ्यांच्या वाङ्मयातून उसनवारी करणे आणि ती लपविणे हे तो आपले कर्तृत्व म्हणून सांगतो. मित्रांचा उदो-उदो आणि विरोधकांवर सामुदायिक चढाई हा त्याचा कुळाचार आहे. आणि शेवटी केशवसुतांची तारांगणे जेथे होती तेथे साप्ताहिके येतात, जगण्याचे मोल जेथे होते तेथे मासिके येतात. आम्हांला वगळलेत तर ती बंद पडतील, असा धाक हा कवी घालतो.

येथे थट्टा कोणाची आहे? केशवसुतांची खासच नाही. मूळ कवितेचा उदात्तपणा वाचकाच्या मनात जागा असल्याखेरीज नव्या कवीचा क्षुद्रपणा उठून दिसत नाही. विडंबन येथे मूळ कवितेचा मापदंड म्हणून उपयोग करते. वीस-पंचवीस वर्षांत कवीचे आकाश केवढे लहान झाले, तारांगणापासून मासिकाच्या पानापर्यंत ते कसे उतरले, याचा हिशेब त्या चौदा ओळींत मांडलेला आहे. मासिकांनी कवितेला वाचक दिला हे खरे. पण त्यांनी कवीला प्रसिद्धीची चटक लावली हेही तितकेच खरे. हा दुसरा अर्धा भाग टीकाकारांनी दबक्या आवाजात सांगितला. अत्र्यांनी तो शार्दूलविक्रीडितात सांगितला, आणि म्हणून तो लोकांच्या तोंडी बसला.

संग्रहातील इतर कवितांची तऱ्हा निराळी आहे. ‘परीटास’ या कवितेत विरहगीताचा आर्त सूर कपडे घेऊन गेलेल्या परिटाची वाट पाहण्यासाठी वापरला आहे. ‘प्रेमाचा गुलकंद’ ही कोणा एका कवितेची नक्कल नसून एका प्रतिमेचा निकाल आहे. प्रियकर रोज गुलाबाची फुले पाठवितो आणि प्रिया त्या फुलांचा गुलकंद करून ठेवते. गुलाब हे प्रेमाचे प्रतीक आहे हा कवींचा सिद्धान्त. गुलाब ही घरात उपयोगी पडणारी वस्तू आहे हा गृहिणीचा. दोहोंची गाठ पडताच प्रतीक कोसळते. ‘श्यामले’ मध्ये माधव ज्यूलियन यांची त्याच नावाची प्रेमकविता लक्ष्य झाली आहे. संग्रहाचे नावही अर्थपूर्ण आहे. जाई-जुई, मोगरा, प्राजक्त ही कवींची फुले. झेंडू हे बाजारात ढिगाने मिळणारे, दसऱ्याच्या तोरणाचे फूल. नाजूकपणाच्या अतिरेकावर झेंडू हे उत्तर होते.

६

मासिके, कविता आणि विनोद यांची ही गाठ केवळ महाराष्ट्रातच पडली असे नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीहून १८८० मध्ये निघालेल्या ‘बुलेटिन’ साप्ताहिकाने जवळजवळ हेच कार्य तिकडे केले. १८९२ मध्ये हेन्री लॉसन आणि ‘बँजो’ पॅटरसन या दोन कवींनी रानावनातील जीवन खरोखर कसे आहे यावर त्याच पत्रात पद्यरूप वाद घातला. एकाने त्यातील हालअपेष्टा दाखविल्या, दुसऱ्याने त्यातील मोकळेपणा. पुढे ए. जी. स्टीफन्स यांच्या संपादनाखाली या पत्राचे ‘रेड पेज’ हे वाङ्मयचर्चेचे केंद्र झाले. सी. जे. डेनिस यांनी मेलबर्नमधील गल्लीतल्या उनाड तरुणाच्या बोलीत रचलेल्या पद्यांचे पुस्तक १९१५ मध्ये निघाले आणि ते विलक्षण खपले.

साम्य उघड आहे. भेद अधिक उद्बोधक आहे. ऑस्ट्रेलियन विनोदी पद्याने गल्लीतील बोली कवितेत आणली आणि इंग्लंडहून आलेल्या सभ्य काव्यभाषेला शह दिला. मराठी विडंबनाने काव्यभाषा बहुधा तशीच ठेवली आणि तिच्यात गल्लीतील वस्तू आणल्या. तेथे भाषा खाली उतरली. येथे विषय खाली उतरला. याचे कारण वृत्तांच्या पाठांतरात आहे. ज्या वाचकाच्या कानात शार्दूलविक्रीडित आणि शिखरिणी बसलेली होती त्याला हसविण्याचा सर्वांत जवळचा मार्ग त्याच वृत्तांतून जात होता.

ऑस्ट्रेलियातच १९४४ मध्ये जेम्स मॅक्ऑले आणि हॅरॉल्ड स्ट्यूअर्ट या दोन कवींनी ‘अर्न मॅली’ नावाचा एक काल्पनिक मृत कवी निर्माण करून त्याच्या बनावट कविता ‘अँग्री पेंग्विन्स’ या नवमतवादी मासिकाच्या गळ्यात बांधल्या. ती फसवणूक होती. संपादकाची फजिती हा तिचा हेतू होता. अत्र्यांचे विडंबन उघड्यावरचे होते. ते संपादकाला फसवीत नाही, वाचकाला साक्षी ठेवते. या उघडेपणामुळेच ज्यांची थट्टा झाली त्यांची कविता तिच्याखाली गाडली गेली नाही. माधव ज्यूलियन, यशवंत आणि गिरीश यांचे वाचक ‘झेंडूच्या फुलां’नंतरही कायम राहिले.

७

आता आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे वळता येईल. कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुना जालना आणि दुसऱ्या तीरावर नवीन जालना, म्हणजेच कादराबादची व्यापारी पेठ. मनमाड ते सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला आणि जालना हे त्यावरील स्थानक झाले. मुंबई-पुण्याचे टपाल मनमाडवरून येण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. परंतु हा प्रदेश तेव्हा निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यात होता. १८८० नंतरच्या दशकात हैदराबाद राज्याच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली होती, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यमही उर्दूच होते. जालन्याच्या उत्तरेस काही कोसांवर वऱ्हाडची हद्द लागे. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजी अंमलाखाली होते, आणि १९०२ मध्ये ते कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे गेले. कोल्हटकर आणि ‘बी’ यांचा मुलूख त्या हद्दीच्या पलीकडे, आणि जालना अलीकडे.

या परिस्थितीचा विडंबनाच्या आस्वादाशी निकटचा संबंध आहे. माधव ज्यूलियन हे फारसीचे प्राध्यापक. गझल, रुबाई यांचे छंद आणि फारसी शब्दांची नजाकत त्यांनी मराठीत आणली. १९२९ मध्ये उमर खय्यामच्या रुबाया आणि १९३१ मध्ये ‘द्राक्षकन्या’ त्यांनी प्रसिद्ध केली. पुण्याच्या वाचकास त्यांच्या कवितेतील फारसी शब्द हा एक परका, काहीसा नखरेल अलंकार वाटे, आणि म्हणूनच तो थट्टेस पात्र होई. जालन्याच्या वाचकाची स्थिती वेगळी होती. त्याच्या दृष्टीने फारसी-अरबी शब्द हा अलंकार नव्हता. तो अव्वल तालुकदाराच्या कचेरीतील दरखास्तीचा, दस्तऐवजाचा, हुकमाचा शब्द होता. त्याच वेळी तो शेजारच्या घरात बोलल्या जाणाऱ्या दखनीचा आणि मुशायऱ्यात ऐकू येणाऱ्या गझलेचाही शब्द होता. जो शब्द एकाच दिवशी कचेरीत भीती घालतो आणि रात्री मैफलीत दाद मिळवितो, तो ऐकून कोणते हसू येईल? ते पुण्याचे हसू खासच नव्हे.

अर्थात येथे दुसरी बाजूही आहे. ज्या राज्यात मराठीला शिक्षणात व कारभारात दुय्यम स्थान होते, तेथे मराठी मासिक हा केवळ करमणुकीचा विषय राहत नाही. तो भाषेशी असलेल्या नात्याचा धागा होतो. पुण्याचा वाचक कवितेवर हसत असे, कारण कविता त्याला हवी तितकी उपलब्ध होती. जेथे ती दुर्मिळ होती तेथे थट्टेची कविताही प्रथम कविता म्हणूनच वाचली जाणे स्वाभाविक होते. विडंबनाचा इतिहास लिहिताना हास्याचा भूगोल ध्यानात घेतला पाहिजे तो यासाठी. ‘महाराष्ट्र हसला’ असे विधान करण्यापूर्वी कोणता महाराष्ट्र, हे विचारणे अवश्य ठरते. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये औरंगाबादेस विद्यापीठ झाले, आणि १९८१ मध्ये जालना हा स्वतंत्र जिल्हा बनला; परंतु या घटनांपूर्वीच्या वाचनाचा इतिहास नंतरच्या नकाशावरून वाचता येत नाही.

माधव ज्यूलियन यांच्या पुढील वाटचालीने या प्रश्नात आणखी एक गाठ मारली. फारसी शब्दांच्या हौसेबद्दल ज्यांची थट्टा झाली त्याच कवीने १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून परकीय शब्दांच्या बहिष्काराचा पुरस्कार केला. हा पालट विडंबनामुळे झाला असे म्हणण्याचे कारण नाही. त्यामागे भाषाशुद्धीची चळवळ होती. तथापि मराठीच्या शब्दसंपत्तीतील फारसीचे स्थान हा प्रश्न त्या काळी किती जिव्हाळ्याचा होता, आणि एकाच कवीच्या आयुष्यात त्याची दोन टोके कशी दिसली, हे त्यावरून ध्यानात येते.

८

विडंबन हे कवितेचे मारक आहे, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि पुढेही घेतला जातो. हा आक्षेप उपलब्ध वस्तुस्थितीला धरून नाही. नागपूरचे ज. के. उपाध्ये यांनी ‘चालचलाऊ गीते’त गीतेच्या धाटणीची गंमत केली, आणि त्याच लेखणीतून अत्यंत हळुवार भावगीतेही उतरली. अत्र्यांनीही ‘केशवकुमार’ या नावानेच गंभीर कविता लिहिली व ती ‘गीतगंगा’ या संग्रहात एकत्र केली. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ‘बी’ कवींच्या चार तपांहून थोड्या कमी काळात मासिकांतून विखुरलेल्या कविता १९३४ मध्ये जेव्हा ‘फुलांची ओंजळ’ या नावाने एकत्र आल्या, तेव्हा त्या संग्रहास प्रस्तावना लिहिली ती ‘झेंडूच्या फुलां’च्या कर्त्यानेच. वऱ्हाडात नोकरी करून प्रसिद्धीपासून दूर राहिलेल्या या कवीचे मोल ओळखणारा वाचक हाच मासिकी प्रसिद्धीचा सर्वांत कठोर टीकाकार होता. यात विसंगती नाही. ज्याला खोटे नाणे वाजवून पाहता येते त्यालाच खरे नाणेही ओळखता येते.

विडंबनाचे तंत्र पुढे गंभीर कवितेच्याही उपयोगी पडले. बा. सी. मर्ढेकर यांच्या १९४७ मधील ‘काही कविता’त संतांचे अभंग-ओवीचे छंद यंत्रयुगातील उद्ध्वस्त जीवनाच्या चित्रणासाठी योजलेले आहेत. जुना छंद आणि नवा आशय यांच्या घर्षणातून अर्थ निर्माण करण्याची ही रीत मूलतः विडंबनाचीच आहे. फरक एवढाच की अत्र्यांच्या हाती त्या घर्षणातून हास्य निघाले, मर्ढेकरांच्या हाती विषाद.

‘काव्यरत्नावली’ आणि ‘मनोरंजन’ ही दोन्ही मासिके १९३५ मध्ये थांबली. ‘विविधज्ञानविस्तार’ १९३७ मध्ये. त्यांच्याबरोबर त्या सामायिक स्मरणाचाही बराचसा अंश गेला. आज ‘झेंडूची फुले’ वाचणारा विद्यार्थी प्रेमाच्या गुलकंदावर हसतो, पण तारांगणांच्या जागी साप्ताहिके का आली हे त्यास समजावून सांगावे लागते. विडंबन टिकले आणि त्याचा संदर्भ मात्र मासिकांच्या पिवळ्या पडलेल्या पानांत राहिला. म्हणून या काळाच्या अभ्यासकाने संग्रह बाजूस ठेवून अंक हाती घेतले पाहिजेत. कविता कोणत्या महिन्यात, कोणत्या लेखाशेजारी, कोणत्या छायाचित्राखाली छापली गेली हे पाहिले पाहिजे, आणि तो अंक टपालाने ज्या गावी पोहोचला त्या गावाची भाषा कोणती होती हेही विचारले पाहिजे. कवी कोण, या प्रश्नाची दोन उत्तरे मराठीत प्रसिद्धच आहेत. वाचक कोण, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या अंकांतून अजून वाचून काढावयाचे आहे.